आधी टायर, मग डिफरन्शियल, शेवटी एक्सल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मोटार पुरवणीत जास्त ताकदीच्या गाड्यांवर आलेला लेख वाचला. टर्बो, इंजेक्टर, इंटरकूलर यांची माहिती त्यात भरपूर आहे. गाडीच्या मागच्या भागाबद्दल मात्र एवढेच म्हटले आहे, की हॉर्सपॉवर पाहून चांगला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा, पण एकाच चाकाला नुसते फिरू न देणारा गिअरसंच) आणि जाड एक्सल (त्यातून चाक फिरवणारे दांडे) टाकून घ्यावेत. एवढ्यावर विसंबून कोणी सुटे भाग मागवले तर ते एकमेकांत बसणारही नाहीत कदाचित. बसले तरी गाडी पहिल्यांदा जोरात सुटताना काय तुटेल याचा भरवसा नाही. काही गाड्यांत एक्सल तुटला की चाकासकट बाहेर येतो, म्हणून हा विषय सविस्तर मांडावासा वाटतो.

पहिली दुरुस्ती हॉर्सपॉवरबद्दल. एक्सलला हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला पीळ, म्हणजे टॉर्क कळतो. आणि तो पीळ किती पडणार हे शेवटी टायरची पकड ठरवते. समजा, मागची चाके ओढणारी १,६०० किलोची गाडी आहे. इंजिनाचा टॉर्क ७०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.६६, क्राऊन-पिनियनचे, म्हणजे डिफरन्शियलला फिरवणाऱ्या शेवटच्या गिअर-जोडीचे, ३.७३. तिन्ही आकडे गुणले की चाकांपाशी सुमारे ६,९५० न्यूटन-मीटर येतात. आता टायरचा हिशेब करू. व्हीलबेस २.७ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि उभ्या गाडीचे निम्मे वजन मागे आहे. रस्त्यावरच्या चांगल्या टायरचा घर्षणांक १ धरला तर गाडी सुटताना मागच्या चाकांवर साधारण ९८० किलो भार येतो. चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर असेल तर दोन्ही टायर मिळून सुमारे ३,२०० न्यूटन-मीटरलाच घसरू लागतात. म्हणजे इंजिन देऊ शकते त्याच्या निम्म्याहून कमी. अशा गाडीचे इंजिन आणखी दुप्पट ताकदीचे केले तरी एक्सलवरचा स्थिर भार वाढत नाही, फक्त धूर वाढतो.

याच गाडीला ड्रॅगचे, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीचे, मऊ आणि बिननक्षीचे स्लिक टायर लावून पाहा. घर्षणांक १.८ धरला तर मागचा भार १,२०० किलोवर जातो आणि टायर सुमारे ७,००० न्यूटन-मीटरपर्यंत धरून ठेवतात. इंजिनाचा सगळा टॉर्क आता एक्सलमधून जाणार. गाडी तीच, इंजिन तेच, बदलले फक्त टायर. आणि एक्सलवरचा भार दुपटीपेक्षा जास्त झाला. म्हणून गाडीला कोणते टायर कायम राहणार आणि ती कुठे चालणार, हे ठरल्याशिवाय कॅटलॉग उघडूच नये.

या आकड्यांवर दोन गोष्टींची भर घालावी लागते. दोन्ही चाकांवर भार सारखा कधीच नसतो. सलग धुरीच्या, म्हणजे दोन्ही मागची चाके एकाच ताठ धुरीवर असलेल्या गाडीत, प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या दांड्याच्या) पिळामुळे एक मागचे चाक दाबले जाते आणि दुसरे हलके होते. वळणावर तर हे होतेच. डिफरन्शियलने परवानगी दिली तर एका एक्सलला एकूण टॉर्कच्या ६५ टक्क्यांपर्यंत वाटा घ्यावा लागू शकतो, असे धरून चालावे. दुसरी भर धक्क्याची. क्लच एकदम सोडला, किंवा चाक घसरता घसरता अचानक पकडीत आले, की फिरणाऱ्या फ्लायव्हीलची साठलेली ऊर्जा क्षणात एक्सलवर येते. या धक्क्यासाठी दीडपट धरणे ही किमान सावधगिरी आहे. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर हा धक्का मऊ करतो, पण उभ्या अवस्थेत तो इंजिनाचा टॉर्क जवळजवळ दुप्पट करतो हेही हिशेबात घ्यावे. स्लिकवाल्या गाडीत ७,००० चे ६५ टक्के आणि त्याचे दीडपट म्हणजे जवळपास ६,८००. साध्या भाषेत, एकेका एक्सलने सगळ्या गाडीचा टॉर्क एकट्याने पेलला पाहिजे. रस्त्याच्या टायरवर हाच आकडा ३,१०० च्या आसपास राहतो.

आता डिफरन्शियल. ते एक्सलच्या आधी निवडायचे, कारण एका एक्सलवर किती टॉर्क जाऊ शकतो हे तेच ठरवते. शिवाय एक्सलचे स्प्लाइन, म्हणजे टोकावरचे उभे दाते, त्याच्या दोन्ही बाजूंच्या साइड गिअरमध्ये बसतात, तेव्हा एकाची निवड दुसऱ्याला बांधलेली असते. साधे, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देते. त्यामुळे एक चाक ओल्यावर गेले की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा टॉर्क मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या रेसिंग गाड्यांचे हलके झालेले चाक भर वेगातही नुसते फिरत राही. त्यावर झेडएफ कंपनीने जो उपाय तयार केला, त्याच्याच वंशातली रचना आजही वापरात आहे.

ही रचना क्लच-प्लेटची. आत साइड गिअरशेजारी पोलादी प्लेटांचा जुडगा असतो. टॉर्क आला की मधली पिन तिरक्या रॅम्पवर चढते, प्रेशर रिंग बाहेर ढकलल्या जातात आणि प्लेटा आवळल्या जातात. किती आवळतील हे रॅम्पच्या कोनावर ठरते. पिनवरच्या जोराला ३० अंशांचा रॅम्प सुमारे १.७३ पट बाजूचा दाब देतो, ४५ अंशांचा एकपट, ६० अंशांचा ०.५८ पट आणि ८० अंशांचा जेमतेम ०.१८ पट. कॅटलॉगमधले ४५/९० किंवा ३०/६० हे आकडे यासाठीच असतात. पहिला ॲक्सलरेटर दाबलेला असतानाचा, दुसरा सोडल्यावरचा. दुसरा ९० असेल तर ॲक्सलरेटर सोडल्यावर रॅम्पमुळे लॉक होत नाही. त्याला वन-वे म्हणतात. दोन्ही कोन सारखे असतील तर टू-वे, मधला मार्ग वन-पॉइंट-फाइव्ह. टू-वे डिफ ड्रिफ्टसाठी उत्तम, पण वळणात शिरताना ते गाडी सरळ ढकलते आणि ब्रेक मारताना दोन्ही चाके एकमेकांना बांधत असल्याने एबीएसच्या कामात ढवळाढवळ करते. रोजच्या रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला माझ्या मते वन-पॉइंट-फाइव्हच्या पुढे जाण्याचे कारण नाही.

रॅम्पच्या जोडीला प्रीलोड असतो. बशीसारख्या स्प्रिंगा प्लेटांना कायमच थोड्या दाबून ठेवतात, म्हणून एक चाक हवेत गेले तरी दुसऱ्याला काही टॉर्क मिळतो. हा प्रीलोड घरीच मोजता येतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा, पुढच्या चाकांना ठोकळे लावा, एकच मागचे चाक जॅकवर उचला आणि टॉर्क रेंचने ते फिरवा. फिरायला सुरुवात होते तो आकडा निर्मात्याच्या किमान आकड्याखाली गेला असेल तर प्लेटा झिजल्या आहेत. नव्या भागासोबत आलेला आकडा लिहून ठेवला तर पुढे तुलना सोपी होते.

हेलिकल गिअरचे डिफ, ज्याला अनेक जण सरसकट टॉर्सन म्हणतात, प्लेटांशिवाय चालते. टॉर्क आला की तिरप्या दात्यांचे गिअर केसच्या, म्हणजे डिफच्या पेटीच्या, भिंतींवर दाबले जातात आणि त्या घर्षणातून लॉक मिळतो. आवाज नाही, झिजणाऱ्या प्लेटा नाहीत, स्टिअरिंगला झटके नाहीत. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीला म्हणूनच हेच घ्यावे. तिथे जास्त प्रीलोडचे प्लेट-डिफ हातातले स्टिअरिंग हिसकावते. पण हेलिकल डिफ दुर्बळ चाकाच्या टॉर्कला गुणते. त्याचा गुणक ३ असेल आणि चाक हवेत असेल, तर शून्याची तिप्पट शून्यच. त्यावेळी ब्रेक हलका दाबून दुर्बळ चाकाला थोडा विरोध द्यावा लागतो. कर्बवर चाक उचलणाऱ्या ट्रॅक गाडीत हा दोष फार जाणवतो. रुंद स्लिकवर पुन्हापुन्हा आदळत सुटणाऱ्या जड गाडीलाही हा प्रकार मी सुचवणार नाही, कारण गिअरांच्या खोबणींमुळे केसची भिंत पातळ असते आणि धक्क्याने तिला तडा जाऊ शकतो.

कॅटलॉगमध्ये कुणी लॉकची टक्केवारी देते, कुणी टॉर्क बायस रेशो, म्हणजे वर सांगितलेला गुणक. दोन्हींची सांगड घालता येते: एकात टक्केवारी मिळवा, एकातून वजा करा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. २५ टक्के लॉक म्हणजे १.६७, ४० टक्के म्हणजे २.३३, ५० टक्के म्हणजे ३. हे ठाऊक नसल्यामुळे ४० टक्क्यांचे डिफ २.५ वाल्यापेक्षा भारी समजून घेणारे पुष्कळ असतात.

लॉकर आणि स्पूल यांबद्दल थोडक्यात. डेट्रॉइट लॉकर सरळ जाताना दोन्ही चाके घट्ट बांधतो आणि वळणात बाहेरचे चाक खटखट करत मोकळे सोडतो. मजबूत आहे, पण वळणाच्या मध्यात अचानक लॉक झाला की ओल्या रस्त्यावर गाडी आडवी होऊ शकते. स्पूलमध्ये डिफच नसते, दोन्ही एक्सल कायमचे जोडलेले. तो फक्त सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी. रस्त्यावर वापरला तर प्रत्येक वळणावर टायर घासतात आणि एक्सल उलटसुलट पिळला जाऊन थकतो. कारखान्याच्या केसमध्ये बसणारा मिनी-स्पूल आणि वेल्डिंग करून जखडलेले गिअर यांना जास्त ताकदीच्या गाडीत जागा नाही.

आता एक्सलकडे. पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अमेरिकी धाटणीच्या, इंचाला २४ दात्यांच्या मापात, स्प्लाइनच्या संख्येत एक मिळवून २४ ने भागले की बाहेरचा व्यास इंचांत मिळतो: २८ स्प्लाइनला सुमारे १.२१ इंच, ३१ ला १.३३, ३५ ला दीड, ४० ला १.७१. म्हणजे ३१ वरून ३५ वर गेल्याने जाडी फक्त १२ टक्क्यांनी वाढते, पण ताकद सुमारे ४२ टक्क्यांनी. इतर निर्मात्यांचे माप वेगळे असू शकते, तेव्हा नुसती संख्या न पाहता व्यास मोजावा.

वरच्या गाडीला हे लावू. ३,१०० न्यूटन-मीटरला ३१ स्प्लाइनच्या, म्हणजे सुमारे ३४ मिलिमीटरच्या दांड्यावर ४०० मेगापास्कलच्या आसपास ताण येतो. इंडक्शन-हार्डन (विजेने तापवून पृष्ठभाग कठीण) केलेल्या १५४१ प्रतीच्या पोलादाचा चांगला एक्सल रस्त्यावर तो पेलतो. पण ७,००० ला ३५ मिलिमीटरच्या दांड्यावर सुमारे ८३० मेगापास्कल येतात, आणि नेहमीच्या कठिणतेचे ४३४० पोलाद तेवढ्यात कायमचे पिळले जाते. दीड इंची दांड्यावर ताण ६५० पर्यंत उतरतो. तिथे ४३४० जेमतेम काठावर असते; सिलिकॉन आणि व्हॅनेडियम असलेले ३००एम पोलाद घेतले तर हातात काही राखीव राहते. ३००एमला ओरखडा खपत नाही. पृष्ठभागावर पान्याची खूण, गंज किंवा वेल्डिंगचा थेंब पडला की भेग तिथूनच सुरू होते. हा हिशेब सलग गोल दांड्याचा आहे. स्प्लाइनच्या तळाशी व्यास आणखी कमी असतो. म्हणूनच चांगल्या एक्सलचा मधला भाग मुद्दाम स्प्लाइनच्या तळापेक्षा किंचित बारीक खरडलेला असतो, म्हणजे पीळ सगळ्या लांबीवर पसरतो आणि स्प्लाइनच्या सुरुवातीला एकवटत नाही. बारीक दिसतो म्हणून असा एक्सल परत पाठवू नये.

नवा एक्सल बसवण्याआधी त्याच्यावर लांबीच्या दिशेने रंगाची एक सरळ रेघ ओढा. काही दिवसांनी काढून पाहिला आणि रेघ मळसूत्रासारखी वळलेली दिसली, तर तो एक्सल बाद. तुटलेला तुकडाही बोलतो. तुटलेली बाजू आडवी, सपाट असेल तर एकाच वेळी अतिभार आला. ४५ अंशांत पिळवटून तुटला असेल तर पोलाद ठिसूळ होते. शिंपल्याच्या कडांसारख्या रेघा दिसल्या तर तो बरेच दिवस थकत होता. अशा वेळी हौसिंग, म्हणजे धुरीचे बाहेरचे कवच, वाकले आहे का ते तपासावे. सेमी-फ्लोटिंग धुरीत एक्सलवर गाडीचे वजनही असते, त्यामुळे हौसिंग वाकले की प्रत्येक फेऱ्याला तो लवतो आणि नवा एक्सलही तिथेच तुटतो. फुल-फ्लोटिंगमध्ये एक्सलला फक्त पीळ सोसावा लागतो.

सुरक्षेचा सगळ्यात मोठा मुद्दा सी-क्लिपचा. अनेक सलग धुऱ्यांमध्ये एक्सल डिफच्या आतल्या टोकाला एका छोट्या क्लिपने अडकवलेला असतो. क्लिपपासून चाकापर्यंत कुठेही तुटला तर चाक, ड्रम किंवा डिस्कसकट, बाहेर सरकते. अमेरिकेतील एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमांत १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात पाव मैल धावणाऱ्या गाड्यांना, तसेच वेळ कितीही असली तरी स्पूल असलेल्या गाड्यांना, आफ्टरमार्केट (मूळ कारखान्याचा नसलेला) एक्सल आणि तो बाहेरून धरून ठेवणारी सोय बंधनकारक आहे. स्लिक लावणाऱ्या प्रत्येकाने हा नियम स्वतःहून पाळावा, आणि शक्यतो वरून लावायच्या किटऐवजी हौसिंगची टोके बदलून, दाबून बसवलेल्या बेअरिंगने.

स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत हाफशाफ्टबरोबर (तिथल्या एक्सलबरोबर) सीव्ही जॉइंटचा, म्हणजे कोनात असतानाही फिरणाऱ्या सांध्याचा, विचार करावा लागतो. जॉइंटचा कोन जितका जास्त तितकी त्याची सोसण्याची ताकद कमी आणि उष्णता जास्त. गाडी फार खाली बसवली किंवा सुटताना मागे फार दबली की कोन बिघडतो आणि गोळ्यांचा पिंजरा फुटतो. सस्पेन्शन पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन शाफ्ट आत टेकत नाही, बाहेर निसटत नाही, हे हाताने तपासा. ग्रीस मॉलिब्डेनमचेच भरा, आणि फ्लँजचे बोल्ट पहिल्या काही धावांनंतर पुन्हा टॉर्कला घट्ट करा. व्हील-हॉप, म्हणजे चाकांचे थडथडणे, असेल तर आधी बुश आणि डँपर सुधारा. थडथडताना पीळ उलटसुलट बसतो आणि कितीही जाड शाफ्ट त्यात टिकत नाही. कॅडिलॅकने २००९ च्या सीटीएस-व्हीमध्ये एका बाजूला ५५ आणि दुसऱ्या बाजूला ३५ मिलिमीटरचा हाफशाफ्ट दिला तो यासाठीच, म्हणजे दोन्ही बाजू एकाच लयीत पिळल्या जाऊ नयेत.

एक्सल बळकट झाले की पुढचा बळी क्राऊन-पिनियन. गुणोत्तर ३.५५ वरून ४.५६ केले की पिनियन लहान होतो, दाते कमजोर होतात आणि एक्सलवरचा टॉर्कही वाढतो. ताकदवान इंजिनाला उंच आकड्याचे गुणोत्तर बहुधा नकोच असते. ९३१० पोलादाचे शर्यतीचे गिअर धक्के सोसतात पण मऊ असतात, रस्त्यावर लवकर झिजतात. रस्त्याला ८६२० चे बरे. बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, बहुतेक सेटला ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, पण सेटसोबतच्या कागदावरचा आकडाच अंतिम. दात्यांना रंग लावून पट्टा मधोमध उमटतो का ते पाहिल्याशिवाय हौसिंग बंद करू देऊ नका. पिनियनच्या बेअरिंगांमध्ये चेपणाऱ्या स्लीव्हऐवजी शिमसह (पातळ चकत्यांसह) घन स्पेसर घाला, नाहीतर धक्क्याने स्लीव्ह आणखी चेपून पिनियनचा प्रीलोड जातो. बेअरिंग कॅपना मागून आधार देणारे जाड कव्हरही उपयोगी, कारण भाराखाली क्राऊन आणि पिनियन एकमेकांपासून दूर ढकलले जातात. जुनी फोर्ड नऊ इंची धुरी इतकी वर्षे टिकून आहे त्यात पिनियनच्या तिसऱ्या बेअरिंगचा वाटा आहे. मात्र तिचा पिनियन बराच खाली असल्याने घर्षण आणि उष्णता जास्त.

तेलाची चूक सर्वांत सहज होते. प्लेट-डिफला जीएल-५ प्रतीचे गिअर तेल आणि सांगितलेले फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण मऊ करणारे मिश्रण). नव्या प्लेटा बसवण्याआधी त्याच तेलात भिजवून ठेवाव्यात, नंतर मोकळ्या जागेत सावकाश आठच्या आकड्यात गाडी फिरवावी. काही हेलिकल डिफना मात्र मॉडिफायर चालत नाही आणि सिंथेटिकऐवजी खनिज तेलच लागते, कारण त्यांना घर्षण हवे असते. नवे क्राऊन-पिनियन पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटे हलक्या पायाने चालवून अर्धा तास थंड होऊ द्यावे, असे दोन-तीनदा करावे, आणि सुमारे ८०० किलोमीटरनंतर तेल बदलावे. काढलेल्या तेलात बारीक करडी पूड दिसली तर घाबरू नका. चमकत्या चकत्या किंवा तुकडे दिसले तर हौसिंग पुन्हा उघडा.

भाग मागवताना पाच मापे एकाच कागदावर लिहून द्यावीत: डिफच्या साइड गिअरचे स्प्लाइन, केसचा बेअरिंग बोअर, केस कोणत्या गुणोत्तरापर्यंतचे क्राऊन घेते ती मर्यादा, दोन्ही बाजूंच्या एक्सलची वेगवेगळी लांबी आणि फ्लँजचे बोल्ट-वर्तुळ. ३५ स्प्लाइनसाठी अनेकदा मोठ्या बोअरची केस लागते, आणि एक्सल हौसिंगला बसवल्यावर त्याचे आतले टोक मधल्या पिनला टेकत नाही ना, हे कव्हर लावण्याआधी मऊ चिकणमाती किंवा मेण लावून बघावे.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक